आधी अचलपूर, मग गाविलगड

अमरावती

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

डिसेंबरातल्या दोन दिवसांचा तुझा बेत वाचला. शनिवारी लोणार, शेगाव, अकोल्याचा असदगड आणि नरनाळा. रविवारी मुक्तागिरी, चिखलदरा, गाविलगड आणि परतताना रिद्धपूर. यातले एकही ठिकाण टाकाऊ नाही, तेव्हा नावांवरून मी तुझ्याशी भांडणार नाही. पण शेवटी तू लिहिले आहेस की तुझ्या मैत्रिणीने एडिंबरा दोन दिवसांत पाहिले, मग आपल्याला आपले वऱ्हाड का जमू नये. गल्लत नेमकी तिथेच आहे, बाई. तिने एक शहर पाहिले. तू दोन दिवसांत अख्खा प्रांत उरकायला निघालीस. माझे म्हणणे असे की आठ नावांतली सात खोडावीत, गाविलगड ठेवावा आणि तुझ्या यादीत मुळात नसलेले एक नाव त्याच्या आधी लिहावे : अचलपूर. गड आणि गाव मिळून एकच ठिकाण आहे, आणि ते गावापासून पाहायला सुरुवात केली तरच कळते.

एडिंबराचेच घे. तिथला किल्ला उभ्या खडकावर आहे. तीन बाजूंना कडा, वाट फक्त पूर्वेकडून. किल्ल्याच्या दारातून एक रस्ता उतरत साधारण मैलभर खाली होलीरूड राजवाड्यापर्यंत जातो आणि जुने शहर त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाढलेले आहे. त्या उतारावरून जो एकदा चालत गेला त्याला किल्ला तिथे का, वस्ती इथे का, हे कोणी न सांगता उमगते. थोडक्या दिवसांच्या सहलीत हाती लागण्यासारखे एवढेच असते. राजांची नावे आणि सनावळ्या घरी बसूनही वाचता येतात. दोन जागांमधले अंतर, चढ आणि दिशा मात्र पायांनीच कळतात. तुझी मैत्रीण ते घेऊन आली असेल तर दोन दिवस तिला पुरले. तुझ्या बेतात तशी एकही जोडी शिल्लक राहत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी उतरायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे आहे.

आता आपली जोडी. अचलपूर, म्हणजे जुन्या लोकांचे एलिचपूर, हे वऱ्हाडच्या सपाट काळ्या रानातले राजधानीचे गाव. उत्तरेला सातपुड्याच्या रांगेत, आजच्या चिखलदऱ्याला लागून गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशाहाने १४२५च्या सुमारास गड बांधून घेतला. पुढे फतहुल्ला इमादुल्मुल्क वऱ्हाडचा सुभेदार झाला, त्याने १४८८मध्ये गडाची डागडुजी केली आणि १४९०मध्ये बहमनींपासून वेगळे होऊन इमादशाही उभी केली. हा क्रम ध्यानात घे : आधी गडाची मजबुती, मग स्वातंत्र्याची घोषणा. पैका, बाजार, दरबार सगळे खाली एलिचपुरात. पण मैदानातले शहर किती दिवस टिकवता येईल याचा हिशेब वरच्या तटावर झालेला. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लहानपणी पकडून आणलेल्या ब्राह्मण घरातला मुलगा. गडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरला आहे तो अभ्यासक याच धाग्याशी जोडतात. शहर आणि गड किती एकमेकांत गुंतले होते ते शेवटीही दिसले. १५७४मध्ये अहमदनगरचा मुर्तजा निजामशाह चालून आला, तेव्हा वऱ्हाडची लढाई राजधानीच्या वेशीवर लढली गेली नाही, नरनाळा आणि गाविलगड इथे लढली गेली. दोन्ही गड पडले, राज्य संपले.

सर्वांत बोलका पुरावा १८०३चा आहे. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि उरलेले सैन्य गाविलगडाकडे वळले. आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन मात्र थेट गडाला भिडले नाहीत. दोघे आधी एलिचपुरात आले, एक दिवस थांबले आणि अडगावच्या जखमींसाठी तिथे इस्पितळ मांडले. मग ७ डिसेंबरला वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याकडे गेला आणि स्टीव्हन्सन डोंगराला वळसा घालून उत्तरेकडे. असे का, ते गडाच्या रचनेत आहे. आतला गड दक्षिणेला, मैदानाकडे तोंड करून आहे आणि त्या बाजूचा कडा इतका उभा की तिथून तोफ चढणे अशक्य. बाहेरचा गड उत्तरेला, कारण डोंगराच्या पठाराशी गडाची सांधणी तेवढ्याच बाजूने आहे. स्टीव्हन्सनच्या माणसांनी रस्ते करत, तोफा हातांनी ओढत त्या बाजूला नेल्या, १२ तारखेला लबाडा गाव गाठले, तट फोडला आणि १५ डिसेंबरला गड घेतला. आतल्या गडावर शिड्या लावून पहिल्यांदा चढली ती ९४व्या पलटणीची तुकडी, आणि ही पलटण स्कॉटिश. तुझ्या मैत्रिणीला हे जरूर सांग. तू म्हणशील, हा सगळा जेत्याच्या खलित्यांतला इतिहास. खरे आहे. त्यातली फुशारकी वजा कर. गडाचा सरदार बेनीसिंह लढता लढता पडला, त्याच्या बाजूने कोणी खलिता लिहिला नाही. पण कडा कुठल्या बाजूला आहे आणि सांधणी कुठल्या, हे जेत्याच्या मर्जीवर नाही. ते तुला स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येते.

आणि इथेच तुझ्या बेतातली मोठी खोट आहे. चिखलदऱ्याहून गडावर जाणारा आजचा डांबरी रस्ता तुला उत्तरेकडून आत नेतो, म्हणजे जिकडून गड फुटला तिकडून. चिखलदऱ्यात उठून तासाभरात गडावर गेलीस तर तो तुला थंड हवेच्या ठिकाणाजवळचा एक पडका पॉइंट वाटेल, बाकीच्या पॉइंटांसारखाच. आधी एक दिवस मैदानात काढला असेल, तिथून उत्तरेची रांग पाहिली असेल, तरच गडाच्या दक्षिण काठावर उभे राहिल्यावर कळेल की हा गड कशाची राखण करत होता. १७ डिसेंबर १८०३च्या देवगावच्या तहात वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले, पण गाविलगड आणि नरनाळा त्यांच्याकडे राहिले. शहर एकाचे, गड दुसऱ्याचे. पुढे गडही गेला, आणि १८५८मध्ये तात्या टोप्यांच्या धास्तीने इंग्रजांनी त्याचे तट पाडले.

अचलपुरात पाहायला आहे काय, असे तुझ्या मंडळातले कोणी तरी विचारणारच. शेजारचे जोडगाव परतवाडा म्हणजे लाकडाचा बाजार आणि बसस्टँड, अचलपूर म्हणजे बोळ, धूळ आणि उघडी गटारे, हे मी नाकारत नाही. निगा नाही हेही खरे. पण चकाचक नाही म्हणून जुने नाही, असे थोडेच आहे? सरमसपुरा, बिलनपुरा अशी पुऱ्यांची वस्ती अजून त्याच नावांनी नांदते. कोटाच्या वेशी उभ्या आहेत आणि त्यांतून रोजची रहदारी चालते. दुल्हा रहमान शाहांचा दर्गा पाहा. त्यांच्याविषयी आणि गाव वसवले म्हणतात त्या इल राजाविषयी लोक जे सांगतात ते कथा म्हणून ऐक, सनासकट मान्य करू नकोस. गावाबाहेरचा हौजकटोरा चुकवू नकोस. एके काळी तलावाच्या मधोमध उभी असलेली ती अष्टकोनी, बहुमजली वास्तू आता कोरड्यात आहे. इथल्या राज्यकर्त्यांनी करमणुकीसाठी काय बांधले ते इथे दिसते आणि भीतीपोटी काय बांधले ते वर. शकुंतलेत बसायचे मात्र विसर. मुर्तिजापूरहून येणारी ती छोटी गाडी काही वर्षांपासून बंद आहे. अधूनमधून गावातल्या तणावाच्या बातम्या येतात, म्हणून तुझी आई धास्तावेल. निघायच्या आठवड्यात चौकशी करून घ्यावी, एवढीच काळजी पुरे. गाव टाळायला ते कारण नाही.

मुक्कामाचा प्रश्न खरा अवघड. चिखलदऱ्याला हॉटेले भरपूर, हवा गार, रबडीचा मोह वेगळाच. तेव्हा रात्र तिथेच काढावी आणि अचलपूर उतरताना पाहावे, हा सोपा मार्ग कोणीही सुचवील. उतरताना पाहायचे ते राहून जाते, गाडी गाठायची घाई असते आणि हौजकटोरा सगळ्यांत आधी गळतो. शिवाय वस्तीचे गाव रात्री आणि पहाटे निराळे असते. व्हेनिसने २०२४च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी, मुक्काम न करता नुसते दिवसभर भटकून जाणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. रात्र काढणाऱ्याला ते माफ. गर्दीचा बंदोबस्त हा त्यामागचा हेतू, पण दिवसाचा पाहुणा आणि मुक्कामाचा पाहुणा यांत फरक असतो हे त्यांनी कागदावर आणले. तेव्हा शनिवारची रात्र परतवाड्यात काढा. खोली साधी मिळेल, चालवून घ्या.

पुण्याहून शुक्रवारी रात्रीच्या गाडीने बडनेऱ्याला उतरा. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. एसटी आहे, पण चौघी आहात तर गाडीच करा, म्हणजे हौजकटोऱ्याला अडचण नाही. शनिवार पूर्ण अचलपुराला द्या. रविवारी उजाडताच घाट चढा आणि निम्मा दिवस गडावर काढा; पाणी सोबत न्या, वर देवतलाव आणि सक्करतलाव असले तरी ते पिण्यासाठी नाहीत. गड वनखात्याच्या हद्दीत आहे, फाटकाच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. मुक्तागिरी अचलपूरपासून जवळ आहे, म्हणून ते आत घुसवायचा मोह तुला होईल. बावन्न मंदिरांचा डोंगर दोन तासांत पाहून होत नाही. ते पुढच्या खेपेला. शेगावचे म्हणशील तर महाराज रागावणार नाहीत, ते दर्शन अकोल्याच्या आत्याकडे आलीस की वेगळे करता येईल. गाडी ठरली की कळव, बडनेऱ्याला कोणाला तरी पाठवतो.

तुझा,
मामा