बालीतील 'सुबाक' : पाणीवाटप आणि कीड

इंडोनेशियातील बाली बेटावर एका पाटावर भिजणाऱ्या भातखाचरांच्या शेतकऱ्यांची मिळून एक संस्था असते. तिला 'सुबाक' म्हणतात. पाटात आडवा ओंडका टाकून त्याला खाचा पाडतात आणि त्यातून पाण्याचे वाटे होतात. भांडण झालेच, तर खाच मोजून पाहावी!

वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला पाणी आधी मिळते. मग त्याने खालच्याची पर्वा का करावी? याचे उत्तर किडीत आहे. लावण्या मागेपुढे झाल्या, की कापलेल्या खाचरातील तुडतुडे व उंदीर शेजारच्या उभ्या भातात शिरतात. सर्वांनी एकाच सुमारास लावणी केली आणि कापणीनंतर खाचरे एकदम मोकळी ठेवली, तर किडीला खाद्यच उरत नाही. (मोकळ्या खाचरांत बदके सोडतात, ती वेगळीच.) म्हणून वरचा शेतकरी पाणी सोडतो आणि खालचा ठरल्या वेळी लावणी करतो. हे वेळापत्रक जलमंदिराच्या बैठकीत ठरते.

१९७० च्या दशकात सुधारित जातींबरोबर जमतील तितकी पिके घेण्याचा आग्रह झाला. वेळापत्रक मोडले, पाण्याची ओढाताण झाली आणि तपकिरी तुडतुडे माजले. आमच्या मते दोष बियाण्यापेक्षा घाईचा अधिक.

सुबाक २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. जातिलुवीहची खाचरे पाहायला गेलात, तर पाटातील खाचाही पाहा. तेथे जमीन घेण्याचा विचार मात्र सोडा. १९६० च्या कायद्याने परदेशी नागरिकाला पूर्ण मालकी मिळत नाही, भाडेपट्टा मिळतो. पट्ट्याच्या खाचरात बंगला उभा राहिला, की पाट साफ करणारे हात तेवढे कमी होतात.