दादींनी ऐकलेला चित्रपट

(चित्रपट संपला की आपण लगेच म्हणतो, ‘छान होता’ किंवा ‘कंटाळवाणा होता’. पण असे का वाटले, हे सांगताना मात्र आपण अडखळतो. उमरग्यातील एका घरात एका चित्रपटावर गप्पा झाल्या. त्या गप्पांतून घरातल्या माणसांना एक नवीनच गोष्ट कळली. ती कोणती, हे या पाठात वाचा.)

शनिवारी मराठीच्या तासाला सरांनी फळ्यावर विषय लिहिला : ‘नुकताच पाहिलेला चित्रपट व माझे मत’. वर्गात एकच गलका झाला. प्रत्येकाला आपल्या आवडत्या नटाचे नाव सांगायचे होते.

सर हसून म्हणाले, “नटाचे नाव म्हणजे मत नव्हे. मत सांगितले की त्यामागचे कारणही सांगावे लागते.”

मग सरांनी आम्हांला थोडी माहिती सांगितली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली मुंबईत दाखवला गेला. तो मूकपट होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ लागला आणि भारतातील चित्रपट बोलू लागला. पुढे १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा मराठी चित्रपट आला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला.

“या चित्रपटाचे दिग्दर्शक दोघे होते,” सर म्हणाले. “एक विष्णुपंत दामले आणि दुसरे शेख फत्तेलाल. दोघे जिवलग मित्र. दोघांनी मिळून तुकाराम महाराजांचे जीवन पडद्यावर आणले.”

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. फत्तेलाल हे नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

सुटीच्या दिवशी आम्ही घरी टीव्हीवर ‘श्वास’ हा मराठी चित्रपट पाहिला. संदीप सावंत हे त्याचे दिग्दर्शक. २००४ साली तो प्रदर्शित झाला. उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ त्याला मिळाले. त्यापूर्वी हा मान आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला मिळाला होता. दोहोंमध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर होते.

‘श्वास’ची कथा साधी आहे. कोकणातील एक आजोबा आपल्या नातवाला घेऊन शहरातील रुग्णालयात येतात. नातवाचे नाव परशा. त्याच्या डोळ्यांना कर्करोग झालेला असतो. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागणार आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला कधीच दिसणार नाही. एवढ्याशा पोराला हे सांगायचे कसे? शस्त्रक्रिया थोडी लांबते, तेव्हा आजोबा कोणालाही न सांगता परशाला घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतात.

चित्रपट संपला. अम्मीने डोळे पुसले. मी वही घेऊन बसले आणि सगळ्यांची मते विचारू लागले. आम्ही घरी दखनी बोलतो. येथे मी ते बोलणे मराठीत लिहिले आहे.

भाईजान म्हणाला, “मला कंटाळा आला. गाणी नाहीत, मारामारी नाही. सगळा वेळ रुग्णालय.”

“कारण सांगितलेस, हे बरे केलेस,” आपा म्हणाली. “पण मला तेच आवडले. आपण दवाखान्यात जातो तेव्हा असेच बाकावर बसून राहतो. तिथे कोणी गाणी म्हणते का?”

अब्बा म्हणाले, “चित्रपट चांगला आहे, पण आजोबांचे वागणे मला पटले नाही. आजारी मुलाला न सांगता बाहेर न्यायचे? त्याला काही झाले असते तर? डॉक्टर रागावले, ते योग्यच होते.”

“डॉक्टरांचा राग योग्य होता आणि आजोबांचे जाणेही योग्य होते,” अम्मी म्हणाली. “परशाला जग पुन्हा दिसणार नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर हेच केले असते.”

अब्बा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “निदान विचारून जायला हवे होते.”

मी दादींकडे वळले. दादींना चित्रपटाचे भारी वेड. त्यांच्या तरुणपणी जत्रेत तंबूतला सिनेमा येई. मालमोटारीतून यंत्र यायचे, कापडाचा पडदा लागायचा आणि माणसे जमिनीवर बसून चित्रपट पाहायची. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका पाणी भरताना त्याच चित्रपटावर बोलायच्या. दादी बाजारात बांगड्या भरायच्या. मराठी, कानडी, दखनी अशा तिन्ही भाषांत गिऱ्हाइकांशी त्यांचे बोलणे चाले. हैदराबादच्या रस्त्यावरचे आमचे गाव कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे, त्यामुळे येथे बऱ्याच लोकांना असे बोलता येते. दोन वर्षांपूर्वी मात्र ‘हात दुखतात’ म्हणून दादींनी ते काम सोडले होते.

“दादी, तुमचे मत?” मी विचारले.

“चित्रपट चांगला आहे,” दादी म्हणाल्या. “त्या आजोबांचा आवाज ऐकलास? बोलता बोलता ते मध्येच थांबतात. पोराला काही सांगायचे असते आणि सांगवत नाही. फार घाबरलेला माणूस आहे तो.”

हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मी ते वहीत लिहून घेतले. मग सहज विचारले, “आणि शेवटी परशाच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा पाहून तुम्हांला काय वाटले?”

“चष्मा?” दादी म्हणाल्या. “चष्मा कुठे होता?”

खोलीत शांतता पसरली. अब्बा हळूच उठले आणि टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. “अम्मा, मी किती बोटे दाखवतो आहे?”

दादी हसल्या. “तू उभा आहेस एवढे दिसते. बोटे कोण मोजतो?”

“केव्हापासून असे आहे?”

“झाली दोन वर्षे. सगळे धुक्यातल्यासारखे दिसते. एकदा बांगडी चढवताना एका मुलीच्या हाताला काच लागली. त्या दिवसापासून मी काम सोडले. तुम्हांला कशाला सांगायचे? डॉक्टर डोळ्याला सुरी लावणार.”

मला फार वाईट वाटले. दोन वर्षे दादी रोज आमच्या शेजारी बसून चित्रपट पाहत होत्या. खरे म्हणजे त्या पाहत नव्हत्या, ऐकत होत्या. ‘छान आहे’ असे त्या म्हणायच्या आणि आम्ही पुढे कधी काही विचारलेच नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी दादींना सरकारी दवाखान्यात नेले. मोतीबिंदू पिकला होता. दादी घाबरून म्हणाल्या, “त्या परशासारखे माझेही डोळे जाणार का?”

डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले, “आजी, तो आजार वेगळा आणि हा वेगळा. तुमच्या डोळ्यातील भिंग गढूळ झाले आहे. ते काढून तिथे नवे भिंग बसवायचे. परशाची नजर शस्त्रक्रियेने गेली, तुमची शस्त्रक्रियेने परत येईल.”

दादींनी थोडा विचार केला. “मग पोराला कशाला घाबरवता? लवकर करा,” असे त्या अब्बांकडे बोट दाखवत म्हणाल्या. डॉक्टरही हसले.

शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी दादींना चांगले दिसू लागले. त्यांनी सर्वांत आधी माझा चेहरा निरखून पाहिला आणि म्हणाल्या, “तू तर मोठी झालीस!”

मग एका संध्याकाळी त्यांनी ‘श्वास’ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी त्या काही न बोलता पाहत राहिल्या. चित्रपट संपल्यावर मी वही काढली.

“माझे मत बदलले,” दादी म्हणाल्या. “आवाज ऐकून मला वाटले होते, तो माणूस घाबरला आहे. आज त्याचा चेहरा पाहिला. भीती होतीच, पण तो पोराला घाई करत होता. अंधार पडण्याआधी जेवढे दाखवता येईल तेवढे दाखवू, अशी घाई.”

अब्बा म्हणाले, “अम्मा, मग मीही माझे मत थोडे बदलतो.”

“किती?” आपाने विचारले.

“निम्मे,” अब्बा म्हणाले. “विचारून जायला हवे होते, हे मी अजूनही म्हणतो.”

मी ही सर्व मते वहीत लिहिली आणि वर्गात वाचून दाखवली. सरांनी वहीवर सही केली व खाली एक ओळ लिहिली : ‘मत विचारल्यावर पुढचा प्रश्नही विचारावा.’

शब्दार्थ

गलका – गोंगाट. मूकपट – आवाज नसलेला चित्रपट. दिग्दर्शक – चित्रपट कसा करायचा हे ठरवून तो घडवणारा. प्रदर्शित होणे – लोकांना पाहण्यासाठी खुला होणे. सुवर्णकमळ – केंद्र सरकारचा चित्रपटासाठीचा मोठा पुरस्कार. कर्करोग – कॅन्सर. शस्त्रक्रिया – ऑपरेशन. गिऱ्हाईक – माल विकत घेणारा. मोतीबिंदू – डोळ्यातील भिंग गढूळ होण्याचा विकार. गढूळ – स्वच्छ नसलेले. निरखून पाहणे – बारकाईने पाहणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचे दिग्दर्शक कोण होते?
(आ) ‘आलम आरा’ कोठे व केव्हा दाखवला गेला?
(इ) दादींनी बांगड्या भरण्याचे काम सोडण्याचे खरे कारण कोणते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भाईजान व आपा यांच्या मतांत कोणता फरक आहे?
(आ) दादींना दिसत नाही, हे घरातल्यांना कसे कळले?
(इ) दादींचे मत का बदलले?

३. तुमचे मत कारणासह लिहा.
परशाला न सांगता बाहेर नेणाऱ्या आजोबांविषयी अब्बांचे मत तुम्हांला पटते की अम्मीचे?

४. पुढील वाक्यांपैकी माहिती कोणती व मत कोणते, ते सांगा.
(अ) ‘श्वास’ २००४ साली प्रदर्शित झाला.
(आ) ‘श्वास’ कंटाळवाणा आहे.
(इ) ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट होता.

५. आवाज, पडदा, चेहरा, बाजार, दवाखाना हे शब्द मराठीत व उर्दूतही वापरतात. पाठातून असे आणखी शब्द शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घरातील सर्वांत वडील व्यक्तीला त्यांनी पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाविषयी विचारा. तो कोठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला व तो का आठवतो, हे दहा ओळींत मराठीत लिहा.