पेणची बाजारपेठ

रायगड जिल्ह्यात भोगावती नदीच्या काठी पेण हे जुने गाव वसले आहे. जुन्या मराठीत ‘पेणे’ म्हणजे प्रवासातील मुक्कामाची जागा. त्यावरूनच गावास हे नाव पडले, असे सांगतात. ती कथा खरी असो वा नसो, गावाच्या इतिहासाला ती शोभते खरी.

इंग्लंडातील कित्येक जुन्या गावांना बाजार भरविण्याचा हक्क राजाने सनद देऊन दिला होता. पेणच्या बाजाराला जन्म दिला तो मात्र दोन वाटांनी. एक वाट पाण्याची, दुसरी घाटाची.

भोगावती पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. भरतीचे पाणी चढू लागले, की त्याबरोबर गलबते व मचवे पेणजवळच्या अंतोरे बंदरास लागत. ओहोटी होण्यापूर्वी माल उतरवून घेण्याची एकच घाई उडे. दुसरीकडून बोरघाट उतरून लमाणांचे तांडे येत. बैलांच्या पाठीवर देशावरच्या धान्याच्या गोणी असत. परत जाताना त्याच बैलांवर कोकणचे मीठ लादले जाई. समुद्राचे पाणी अशा रीतीने घाटावरच्या घराघरांतील भाकरीत उतरत असे!

हे मीठ मोठ्या कष्टाचे होते. खाडीकाठचे आगरी लोक बांध घालून मिठागरे तयार करीत. उधाणाचे खारे पाणी त्यांत घेत. उन्हाने पाणी आटले, की मिठाचे पांढरे स्फटिक तळाशी दिसू लागत. मग भर उन्हात ते ओढून त्यांच्या राशी लावाव्या लागत.

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि वाहतूक वाढली. परंतु १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. घाटावरचा माल आता थेट मुंबईस जाऊ लागला. तांड्यांच्या वाटा ओस पडू लागल्या. पुढे खाडीतही गाळ साचत गेला. ज्यांचे पोट बंदरावर होते, त्यांच्या पोटावर पाय आला.

तरीही पेण उजाड झाले नाही. वाटा बदलल्या, तरी माणसांच्या हातांतील कसब कोणी नेले नव्हते. तांदळाचे पोहे व पापड यांसाठी पेणचे नाव दूरवर झाले. त्याहून मोठी कीर्ती मिळवून दिली ती गणेशमूर्तींनी. १८९३ च्या सुमारास लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आले. पुढे मूर्तींची मागणी वाढत गेली, तसे पेणचे कारखानेही वाढले. हमरापूर व जोहे या गावांतही घरोघरी मूर्ती घडू लागल्या. मूर्तीच्या डोळ्यांची रेखणी हे येथील कारागिरांचे खास वैशिष्ट्य होय. बारीक कुंचल्याच्या दोन-चार फटकाऱ्यांनी निर्जीव मातीला जणू दृष्टी येते! आज या मूर्ती परदेशांतही जातात.

अलीकडे शाडूच्या मातीबरोबर प्लॅस्टरच्याही मूर्ती पुष्कळ होतात. त्या हलक्या व स्वस्त असतात. परंतु पाण्यात सहज विरघळत नाहीत आणि नद्या व समुद्र दूषित होतात. कारागिराची भाकर टिकावी आणि पाणीही निर्मळ राहावे, हे कसे साधावे? हा पेणपुढील आजचा प्रश्न आहे. ज्या पाण्याने गावाला बाजार दिला, त्याचे ऋण विसरून कसे चालेल?

शब्दार्थ : सनद – राजाने दिलेला हक्काचा लेख. उधाण – अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. कसब – कौशल्य.

स्वाध्याय
१. पेणचा बाजार कोणत्या दोन वाटांनी वाढला?
२. १८६३ नंतर पेणच्या व्यापारावर कोणता परिणाम झाला? का?
३. ‘पोटावर पाय येणे’ हा वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यात योजा.
४. आपल्या गावचा बाजार कसा सुरू झाला, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.