दारू सोडायला किती पैसे लागतात? धंतोलीतून मांडलेला हिशेब

नागपूरच्या धंतोलीत चार पावलं टाकली की एक दवाखाना लागतो. घरातल्या माणसाची दारू हाताबाहेर गेली की नातेवाईकही सवयीने पहिल्यांदा हेच विचारतात, ‘भरती करायला किती लागतील?’ त्याआधी एक फुकटची गोष्ट माहीत करून घ्या, कारण भरती होऊन आलेल्यालाही पुढे तीच लागते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे ‘एए’ची मीटिंग.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बोलत दारूतून सुटले. त्यातून एए उभी राहिली आणि १९५७ मध्ये भारतात आली. प्रवेश फी नाही, वर्गणी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. मीटिंगमध्ये एक डबा किंवा झोळी फिरते; सभासद त्यात दहा-वीस रुपये टाकतात, त्यावर खोलीचं भाडं आणि चहा निघतो. नवख्याने काहीच टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. बाहेरच्या माणसाची देणगी एए घेतच नाही. तेव्हा ‘एएसाठी मदत द्या’ म्हणत कोणी पावतीपुस्तक घेऊन दारात आलं, तर त्याला सरळ वाटेला लावा.

नागपुरात एएचे समूह आहेत, पण जागा आणि वेळा बदलत राहतात. कोणाच्या सांगण्यावरून जुन्या पत्त्यावर जाऊ नका. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरानुसार नंबर मिळतात. तिथून नंबर घ्या आणि निघण्याआधी फोन करा. मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, हे विचारा. ओपनला घरचे सोबत येऊ शकतात, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी असते. बोलणं मराठीत होतं की हिंदीत, आणि दारात कोणी भेटेल का, हेही विचारून घ्या. या मीटिंगा पुष्कळदा शाळेच्या किंवा चर्चच्या एखाद्या खोलीत भरतात, त्यामुळे नवखा माणूस बाहेरूनच परत फिरण्याची शक्यता फार. मीटिंग धंतोलीत असेल तर गाडी शक्यतो नेऊ नका. धंतोलीत पार्किंग शोधता शोधता जाण्याचा विचारच बदलतो! काँग्रेसनगर किंवा सीताबर्डी मेट्रो स्टेशन जवळ आहे.

आत रजिस्टर नसतं, आधार कार्ड कोणी मागत नाही, आडनावही विचारत नाहीत. एकेक जण पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो, बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात आणि मग तो बोलतो. पहिल्या दिवशी गप्प बसून ऐकलं तरी चालतं. ओळखीचं कोणी भेटेल ही भीती नागपुरात खरीच आहे. पण शेजारी भेटलाच, तर तोही त्याच कामासाठी आलेला असतो. एक समूह आवडला नाही तर दुसरा पाहा, माणसं वेगळी असतात.

आता जिथे पैसे खर्च करायलाच हवेत ते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका रात्रीत दारू बंद केली तर हातपाय थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास आणि भ्रम सुरू होऊ शकतो. यात जीवही जातो. अशा माणसाला मीटिंगला नेण्याआधी डॉक्टरकडे न्या. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवलं तर खासगी बिलाच्या मानाने खर्च अगदी किरकोळ. कुठे जावं हेच सुचत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत.

खासगी केंद्रात जाणारच असाल तर महिन्याचा आकडा ऐकून मान डोलावू नका. औषधं, रक्ततपासण्या आणि मानसोपचारतज्ज्ञाची फी त्यात धरली आहे का, अर्ध्यात घरी आणलं तर किती परत मिळतात आणि सुटल्यावर फॉलोअपचे पैसे वेगळे का, हे लेखी घ्या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा. ‘गाडी पाठवतो, उचलून नेतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, स्वतःहून भरती न होणाऱ्यासाठी दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि पहिल्या खेपेला ३० दिवसांपलीकडे ठेवता येत नाही.

दारू सुटावी म्हणून गुपचूप जेवणात कालवायच्या पुडीवर एक रुपयाही घालू नका. त्यात काय आहे हे कळायला मार्ग नाही, आणि डायसल्फिरामसारखं औषध नकळत पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

पिणारा माणूस मीटिंगला यायला तयारच नसेल तर बायकोने किंवा आईने त्याच्यासाठी थांबू नये. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा समूह आहे, तिथेही फी नाही. नागपुरातल्या त्यांच्या मीटिंगची चौकशी एएच्याच फोनवर करून पाहा.

भरतीच्या खर्चासाठी विम्यावर मात्र विसंबू नका. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये दारू आणि इतर व्यसनांवरचा उपचार नावानिशी वगळलेला असतो, आणि त्या व्यसनामुळे झालेल्या दुखण्यांचाही त्यात उल्लेख असतो. कॅशलेस मिळेल असं काउंटरवर तोंडी सांगितलं, तरी विमा कंपनीची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स भरू नका.