रिकाम्या घरातलं पाणी

शॉमबर्गच्या नळाला मिशिगन सरोवराचं पाणी येतं. डिसेंबरमध्ये आपण भारतात जातो, घर रिकामं असतं. थंडीने पाइप फुटला तर? म्हणून मीटरला पाण्याचा प्रवाह मोजणारं छोटं यंत्र लावतात. अलार्म मात्र आपणच ठरवायचा.

शॉवरला मिनिटाला साधारण २ गॅलन, म्हणजे साडेसात लिटर पाणी लागतं. अलार्म १ गॅलनवर लावला, तर रोज अंघोळीला फोन बोंबलणार! मग खऱ्या वेळी कोण बघणार? म्हणून वेळही घाला: १ गॅलन, सलग (न थांबता) ३० मिनिटं. फ्लशची गळती बारीक असते. तिच्यासाठी वेगळा अलार्म: थोडंसंच पाणी, पण सलग २ तास.

निघताना शेजारच्या काकूंना किल्ली द्या, मुख्य व्हॉल्व्ह दाखवा. पुण्यात फोन वाजला, तर इथलं पाणी बंद कोण करणार?