ती गोळी अंगातून जाते कुठे?

अगं, गौरी जेवायचा दिवस आणि तुझी तारीख एकच आली, एवढंच ना? रडू नकोस. आधी पाणी पी, मग बोलू. पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी का, आणि हे बाहेरचं हार्मोन अंगात साठून तर राहणार नाही ना, हीच तुझी धास्ती. नाही गं, राहत नाही. पण ते जातं कसं हे एकदा समजून घे, म्हणजे घेताना चुकणार नाहीस.

बघ, आपल्या अंगात तयार होणारं प्रोजेस्टेरॉन तसंच गिळलं तर लिव्हर त्यातलं बहुतेक सगळं पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. म्हणून त्याच्यासारखं काम करणारं, पण जरा चिवट औषध शोधावं लागलं. 1951 साली मेक्सिको सिटीत लुईस मिरामोंतेस या 26 वर्षांच्या मुलाने प्रयोगशाळेत ते बनवलं, नोरएथिस्टेरॉन. तुझ्या पट्टीवर बारीक अक्षरात हेच नाव असतं. तेही लिव्हरच्या तावडीतून पूर्ण सुटत नाही. साधारण एक तृतीयांश तिथेच संपतं आणि उरलेलं रक्तात पोचतं.

पुढचं तुझ्या रोजच्या कामातलंच आहे. तुपाची कढई नुसत्या पाण्याने निघते का? साबण लावावाच लागतो. ही हार्मोन्सही तशीच, पाण्यात विरघळत नाहीत. लिव्हर आधी त्यांची घडण बदलतं, मग त्यांना सल्फेट नाहीतर ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं. आता ती पाण्यात विरघळतात आणि लघवीतून, शौचातून निघून जातात. रक्तातलं निम्मं औषध साधारण 8 तासांत संपतं, म्हणून तर 5 मिलीग्रामची गोळी दिवसातून 3 वेळा.

खरं सांगू का, मला हे माहीत नव्हतं. मामेबहिणीच्या लग्नात पट्टी पर्समध्ये, पर्स वरच्या खोलीत आणि मी खाली पंगतीत वाढत होते. दुपारची गोळी राहिली, रात्रीचीही राहिली. दुसऱ्या दिवशी ऐन सप्तपदीच्या वेळी डाग दिसले. म्हणून सांगते, मोबाईलवर गजर लाव.

आता जरा नीट ऐक. दिवसाला 15 मिलीग्राम ही लहान मात्रा नाही. याच औषधाच्या एका गर्भनिरोधक गोळीत फक्त 0.35 मिलीग्राम असतं. शिवाय शरीर यातल्या अगदी थोड्या भागाचं इस्ट्रोजेनसारख्या एथिनिल इस्ट्राडिओलमध्ये रूपांतर करतं, आणि त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. तुला किंवा घरात कुणाला आधी गुठळी झाली असेल, लिव्हरचा आजार असेल, डोळ्यांपुढे चमकून डोकं दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सचं कार्बामाझेपिन चालू असेल तर तेही सांग. त्यांच्यामुळे लिव्हर दुप्पट जोमाने कामाला लागतं आणि गोळीचा असर उतरतो. काविळीनंतर थकलेलं लिव्हर उलट हळू चालतं.

मला विचारशील तर गौरी काही रागावणार नाहीत; नैवेद्य जाऊ वाढेल, तू बाजूला बसून पुरणाचं वाटण सांग. पण सासूबाईंपुढे ते बोलणं सोपं नाही, हेही मला कळतं. घ्यायचीच ठरली तर तारखेच्या 3 दिवस आधी सुरू करायची. थांबवलीस की 2-3 दिवसांत पाळी येते, घाबरू नकोस. आणि हिच्या भरवशावर गर्भ राहणार नाही असं धरून चालू नकोस. एका पोटरीला सूज, दुखणं, छातीत कळ किंवा धाप लागली तर पूजा तशीच सोडून दवाखाना गाठ.

मेडिकलवाल्याकडून नुसती पट्टी आणू नकोस. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा आणि चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून ने. आल्यावर मला फोन कर, मी वाट बघते.