अरुंदात अरुंद : एका शब्दाचा अभ्यास

अरुंद दरवाजाविषयीचा उपदेश ऐकला नाही असा मंडळीचा सभासद विरळाच. शब्बाथशाळेतील लहान मुलेसुद्धा रुंद वाट आणि अरुंद वाट यांचे चित्र वहीत काढतात. परंतु 'अरुंद' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्यामुळे एक घोटाळा होतो. दरवाजा अरुंद आहे, तेव्हा मनही अरुंदच असले पाहिजे, अशी समजूत नकळत रुजते. आणि जो आपल्या घोळक्यात बसत नाही त्याला बाहेर ठेवणे म्हणजेच अरुंद वाटेने चालणे, असे काहींना वाटू लागते. म्हणून या पाठात आपण या शब्दाचे, आणि विशेषेकरून त्याच्या शेवटच्या पायरीचे, म्हणजे 'सर्वांत अरुंद' याचे, वेगवेगळे उपयोग तपासून पाहू.

पाठापूर्वी वर्गाने गणना २२:२२–३५, मत्तय ७:१–१४, लूक १३:२२–३०, प्रेषितांची कृत्ये २६:४–११ आणि २ करिंथ ६:११–१३ हे उतारे वाचून यावे.

१. मोजता येणारा अर्थ

मराठीत विशेषणाला तमभावाचे स्वतःचे असे रूप नाही. संस्कृतातून आलेल्या काही शब्दांना 'तम' लागतो, जसे लघुतम, उच्चतम. एरवी आपण 'सर्वांत अरुंद', 'सगळ्यांत अरुंद' किंवा बोलीत 'अरुंदात अरुंद' असे म्हणतो. तमभाव आला की तुलना आली, आणि तुलना आली की दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत : कशाकशांमध्ये? आणि कोणत्या मापाने?

रेल्वेचे उदाहरण घ्या. आपल्या देशात रुळांची चार मापे प्रसिद्ध आहेत. रुंदमापी रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, मीटरमापीचे १०००, आणि अरुंदमापीचे दोन प्रकार : एक ७६२ मिलिमीटरचा, दुसरा ६१० मिलिमीटरचा. बडोदेकरांच्या परिचयाची डभोईकडची जुनी गाडी ७६२ च्या रुळांवर चालत असे. ग्वाल्हेरहून श्योपूरला सुमारे २०० किलोमीटर जाणारी छोटी गाडी ६१० च्या रुळांवर धावे. ती २०२० साली बंद झाली. नेरळ–माथेरान आणि दार्जिलिंग येथील रूळही याच मापाचे. तेव्हा या चार मापांत सर्वांत अरुंद कोणते, याचे उत्तर फूटपट्टी देते. त्यात वाद नाही, स्तुती नाही आणि निंदाही नाही. ग्वाल्हेरची गाडी अरुंद रुळांवर चाले म्हणून तिने कोणा गरीब प्रवाशाला खाली ठेवले, असे कोणी म्हणणार नाही. शब्दशः अर्थाने 'अरुंद' हा दोषही नाही आणि गुणही नाही. ते केवळ माप आहे.

२. बलामाची तिसरी वाट

पवित्र शास्त्रात शब्दशः अरुंद जागेचे उत्तम चित्र बलामाच्या कथेत आहे. गाढवीला देवाचा दूत तीनदा दिसला. पहिल्या वेळी वाट मोकळी होती, म्हणून ती शेतात शिरली. दुसऱ्या वेळी दोन्ही बाजूंना द्राक्षमळ्यांच्या भिंती होत्या. तेथे ती भिंतीला घासली आणि बलामाचा पाय चिरडला. तिसऱ्या वेळी जागा अशी होती की उजवीकडे किंवा डावीकडे वळायला वावच नव्हता. मग ती खालीच बसली.

विशेषणाचा तमभाव दाखवायला इब्री भाषेत वेगळे रूप नाही. तरीही वाचकाला तिसरी जागा सर्वांत अरुंद होती हे सांगावे लागत नाही. लेखकाने माप दिले आहे ते हाताचे किंवा बोटांचे नव्हे, तर 'वळता येते की नाही' याचे. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे : जेथे पर्याय संपतात ती जागा सर्वांत अरुंद. आणि नेमक्या त्याच जागी बलामाचे डोळे उघडले, हेही विसरू नये.

३. अडचण आणि संकट

येथून शब्द लाक्षणिक अर्थाकडे वळतो. या कथेत अरुंद जागेसाठी जो इब्री शब्द आला आहे, त्याच धातूपासून दुःख, पेच, संकट या अर्थाचे शब्द झाले आहेत. स्तोत्रकर्ता अनेकदा म्हणतो की, मी कोंडीत सापडलो होतो आणि देवाने मला मोकळ्या जागी आणले (स्तोत्र ४:१, १८:१९, ११८:५). त्याच्या भाषेत संकट म्हणजे अरुंद जागा आणि सुटका म्हणजे ऐसपैस जागा.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही, कारण मराठीतही तसेच आहे. "खोलीत फार अडचण झाली आहे" असे म्हटले तर जागा नाही असा अर्थ होतो. "मला एक अडचण आहे" असे म्हटले तर दुःख किंवा पेच असा अर्थ होतो. शब्द एकच. 'संकट' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही अरुंद, दाटलेले असाच आहे. पैशाच्या 'तंगी'तला 'तंग' फारसीतून आला. त्याचाही अर्थ अरुंद. म्हणजे जो माणूस संकटात आहे तो अरुंद जागी उभा आहे, हे आपले पूर्वज भाषेतच सांगून गेले आहेत. कर्जाने गांजलेले किंवा आजारपणाने खचलेले कुटुंब मंडळीत असेल तर त्याला आणखी एक कुलूपबंद दरवाजा दाखवणे हे आपले काम नव्हे. त्याला वळायला जागा करून देणे हे आपले काम आहे.

४. अरुंद दरवाजा आणि सुईचे नाक

आता प्रभु येशूच्या वचनाकडे येऊ. मत्तयाच्या सातव्या अध्यायात दरवाजासाठी ग्रीक शब्द आहे तो 'स्तेनोस', म्हणजे अरुंद. वाटेसाठी मात्र दुसरा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ दाबलेली, चेपलेली असा आहे, आणि नव्या करारात क्लेशासाठी जो शब्द वारंवार येतो तो त्याच कुळातला आहे. म्हणजे ती वाट अरुंद आहे ती चालणाऱ्याला क्लेश सोसावे लागतात म्हणून. इतरांना अडवण्यासाठी ती अरुंद केलेली नाही.

या वचनाच्या मागेपुढे पाहा. अध्यायाच्या आरंभी दुसऱ्याचा न्याय करू नका असे सांगितले आहे. दरवाजाच्या वचनाला अगदी लागून, बाराव्या वचनात, लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा नियम आहे. मग लगेच अरुंद दरवाजा. तेव्हा ती कठीण वाट कोणती, याचे उत्तर शेजारीच दिलेले आहे.

लूकच्या तेराव्या अध्यायात हे आणखी स्पष्ट होते. तारण पावणारे थोडेच आहेत काय, असे एकाने विचारले. प्रभूने संख्या सांगितली नाही. तू स्वतः आत जाण्याची पराकाष्ठा कर, अशा अर्थाचे उत्तर दिले. आणि त्याच संभाषणात पुढे, पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण या चारही दिशांकडून लोक येऊन देवाच्या राज्यात पंक्तीला बसतील असे सांगितले. दरवाजा अरुंद, पण आतली पंगत केवढी मोठी!

अरुंदपणाचे सर्वांत टोकाचे उदाहरण म्हणजे उंट आणि सुईचे नाक (मत्तय १९:२३–२६). येथे एक सावधगिरी हवी. यरुशलेमेत 'सुईचे नाक' नावाचा एक लहान दरवाजा होता, उंट ओझे उतरवून व गुडघे टेकून त्यातून कसाबसा जात असे, अशी गोष्ट पुष्कळ वर्गांत सांगितली जाते. प्रभूच्या काळी असा दरवाजा असल्याचा पुरावा मिळालेला नाही. शिवाय तसे असते तर शिष्य एवढे थक्क का झाले असते? ही अतिशयोक्ती आहे. सुईचे नाक म्हणजे माणसाला अशक्य असे काही. आणि माणसाला अशक्य ते देवाला शक्य आहे, हे प्रभूने पुढेच सांगितले. लाक्षणिक शब्दाला फूटपट्टी लावली की बोधच हरवतो, याचा हा नमुना होय.

५. पौलाचा जुना पंथ

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २६ मध्ये पौल कैसरियात अग्रिप्पा राजापुढे उभा आहे. आपल्या धर्माच्या सर्वांत कडक पंथाप्रमाणे आपण परूशी म्हणून जगलो, असे तो सांगतो. येथे ग्रीकमध्ये खरोखरीचा तमभाव आहे, पण शब्द 'अरुंद' हा नाही. तो आहे 'अत्यंत काटेकोर', 'अगदी बारकाईचा'.

१६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात मात्र एक चमत्कार झाला. तेथे या ठिकाणी 'स्ट्रेट' या जुन्या, अरुंद अशा अर्थाच्या शब्दाचा तमभाव घातला, आणि वर आणखी 'मोस्ट' हा शब्द जोडला. मराठीत 'सर्वांत अरुंदतम' म्हणावे तसे. मत्तयातील दरवाजालाही त्या भाषांतरात तोच 'स्ट्रेट' शब्द आहे. त्यामुळे इंग्रजी वाचकापुढे जीवनाचा दरवाजा आणि पौलाचा जुना पंथ एकाच विशेषणाने उभे राहिले. मूळ भाषेत ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपल्या मराठीतही दरवाजा अरुंद असतो, तर पंथ कडक असतो. हा फरक आपल्याला आयताच मिळालेला आहे. तो आपण वाया घालवू नये.

काटेकोरपणा हा स्वतः दोष नव्हे. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी, सर्व गोष्टींचा शोध घेतल्याचे सांगताना याच कुळातला शब्द वापरला आहे. पौलही आपल्या जुन्या पंथाची निंदा करीत नाही. परंतु त्या काटेकोरपणाला जोडून आपण काय केले हे तो लपवीत नाही : पुष्कळ पवित्र जनांना त्याने तुरुंगात टाकले. नियम कडक होता यात नवल नाही. त्या कडकपणात शेजाऱ्याला जागा उरली नाही, हे दुःख.

६. आतड्यांतील जागा

तोच पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा शब्द उलटा फिरलेला दिसतो. आमचे अंतःकरण तुमच्यासाठी मोठे झाले आहे; तुम्हांला आमच्या ठायी जागा कमी नाही, अडचण आहे ती तुमच्याच मनात; तेव्हा तुम्हीही मन मोठे करा, असा त्याचा आशय आहे. येथील ग्रीक क्रियापदात तोच 'स्तेनोस' दडलेला आहे. एकेकाळी सर्वांत कडक पंथाचा म्हणून मिरवणारा माणूस आता अंतःकरण रुंद करा म्हणून विनवणी करतो.

मराठीत अशा मनाला आपण 'अरुंद' म्हणत नाही. 'संकुचित' म्हणतो, 'कोते' म्हणतो. दरवाजा अरुंद आणि मन संकुचित यांसाठी आपल्या भाषेने दोन शब्द ठेवले आहेत, यात मोठे शहाणपण आहे.

आता हे आपल्या घराला लावून पाहू. आपल्यापैकी कित्येक मंडळ्या इंदूर, हैदराबाद, बडोदे, बेळगाव अशा ठिकाणी तीन-चार पिढ्या मराठीत उपासना करीत आल्या आहेत. ही ठेव जपलीच पाहिजे. पण नातवंडे शाळेत हिंदी, तेलुगू, गुजराती किंवा कानडी बोलतात. एखादा मुलगा मराठी वचन अडखळत वाचतो आणि मागच्या बाकावरून हशा पिकतो. दुसऱ्या प्रांतातली सून येते. तिला गीत येत नाही म्हणून वर्षभर कोणी तिच्या शेजारी बसत नाही. खेड्यातून नवीन कुटुंब येते आणि त्याच्या आडनावाची चौकशी त्याच्या नावाआधी होते. असे करणाऱ्यांना वाटते की आपण अरुंद वाट राखतो आहोत. बंधुभगिनींनो, ती वाट नव्हे. ते आपले मन आहे. अरुंद वाटेवर स्वतःला चेपून घ्यावे लागते. येथे तर आपण दुसऱ्याला चेपतो.

७. वर्गासाठी

(अ) वर्गात जमिनीवर दोऱ्यांनी १६७६ व ६१० मिलिमीटरची दोन मापे आखावी. मुलांना त्यांमधून चालू द्यावे आणि विचारावे : यांतले अरुंद कोणते हे आपण कसे ठरवले? मग विचारावे : मन अरुंद आहे हे कशाने मोजाल?

(आ) 'अडचण', 'संकट', 'तंगी', 'कोंडी' हे शब्द फळ्यावर लिहून प्रत्येकाचा जागेविषयीचा आणि दुःखाविषयीचा उपयोग मुलांकडून काढून घ्यावा.

(इ) मोठ्यांच्या वर्गात पुढील प्रश्नावर चर्चा व्हावी : आपल्या मंडळीतील कोणता नियम आपल्याला स्वतःला शिस्त लावतो, आणि कोणता केवळ दुसऱ्याला बाहेर ठेवतो?

(ई) येत्या रविवारी प्रत्येकाने बाकावर एका माणसाची जागा मोकळी ठेवून बसावे, आणि आजवर ज्याच्याशी बोलणे झाले नाही अशा एकाला तेथे बोलवावे.

दरवाजा अरुंद आहे. तो रुंद करण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. पण बाकावर थोडे सरकून बसणे आपल्याच हाती आहे.